बाई, एक विचारू?

"समजलं का?" असं वर्गाला विचारलं की एका सुरात "होऽऽ" येतं. या "हो"ला काही अर्थ नसतो, हे विचारणारीलाही माहीत असतं आणि ओरडणाऱ्यांनाही. हा भाग संपला, पान उलटा, एवढाच त्याचा मतलब. ज्याला काहीच समजलेलं नसतं तोही त्या सुरात सूर मिसळतो, उलट जरा जास्तच जोरात. त्याच्या बाजूनं बघितलं तर ते शहाणपणाचंच आहे. चाळीस जणांच्या "हो"मध्ये एकट्यानं "नाही" म्हणायचं, म्हणजे बाई थांबणार, सगळी डोकी मागे वळणार, मग प्रश्न येणार, "काय नाही समजलं?" आणि खरी पंचाईत तिथेच आहे. काय समजलं नाही हे धड सांगता आलं असतं, तर निम्मं समजलंच असतं की.

मी बरीच वर्षं शाळेत गणित शिकवते. मुलांना स्वतःसाठी बोलायला कसं शिकवायचं, हा प्रश्न माझ्या अभ्यासक्रमात कुठेच नाही. पण वर्गशिक्षिका म्हणून दिवसभर ज्या भानगडी माझ्या टेबलापर्यंत येतात त्यातल्या निम्म्यांच्या मुळाशी तोच असतो. कुणाचे गुण चुकले, कुणाला फळा दिसत नाही, कुणाला गटातली बाकीची मुलं काम करू देत नाहीत, कुणाला एकाच दिवशी तीन विषयांचं काम जमा करायचंय. हे सगळं मला कळतं ते आईकडून, मैत्रिणीकडून, नाहीतर प्रगतिपुस्तक हातात पडल्यावर. ज्याचं दुखतंय तो स्वतः शेवटी बोलतो, तेही खोदून खोदून विचारल्यावर.

यावर आपल्याकडे तयार निदान असतं: मुलाला आत्मविश्वास नाही. मग आत्मविश्वासाची शिबिरं होतात, स्टेजवर उभं करून भाषणं पाठ म्हणवून घेतली जातात, "घाबरायचं नाही, बिनधास्त बोलायचं" असे उपदेश होतात. मला हे निदान पटत नाही. हीच मुलं मैदानावर कोण आउट झालं आणि कोण नाही यावर घसा बसेपर्यंत भांडतात. तिथे त्यांच्याकडे शब्द असतात, पुरावे असतात, साक्षीदारसुद्धा असतात. वर्गात आल्यावर आत्मविश्वास चपलांसारखा बाहेर काढून ठेवलेला नसतो. वर्गात त्यांच्याकडे वाक्य नसतं. मोठ्या माणसाकडे जाऊन, त्याचा मान ठेवून, आपलं काम होईल अशा रीतीनं काय बोलायचं, ते वाक्य त्यांना कुणी कधी दिलेलंच नसतं.

दिलेलं नसतं म्हणजे काय, आपण ते वेळोवेळी काढून घेतलेलं असतं. "मोठ्यांना उलट बोलू नये", "तोंड वर करून काय विचारतोस", "सांगितलं तेवढं कर", "फार शहाणा झालास". पहिली आठ-दहा वर्षं हे शिक्षण आपण इमानेइतबारे पार पाडतो. मग तोच मुलगा दहावीच्या उंबरठ्यावर आला की पालकसभेत त्याच्याच देखत आपण तक्रार करतो, "याला तोंडच नाही हो! स्वतःहून काही म्हणून विचारत नाही." तो बिचारा खाली बघत उभा असतो. तेवढं त्याला उत्तम शिकवलेलं असतं.

मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीच्या दाराशी एकदा माझ्याच वर्गातली मुलगी येऊन उभी राहिली. हातात विज्ञानाची उत्तरपत्रिका, तिची गुंडाळी करून करून पार नळी झालेली. "बाई, आत येऊ?" म्हणाली आणि आत न येता तिथेच थांबली. मी बाहेर गेले. "सरांनी मला गुण कमी दिलेत," ती म्हणाली आणि लगेच जोडलं, "उद्या आई येणारे तुम्हाला भेटायला."

पेपर उघडून बघितला. पाचव्या प्रश्नाच्या एका उपप्रश्नाला समासात गुण दिलेले होते, पण पहिल्या पानावरच्या बेरजेत ते आलेच नव्हते. सरळ सरळ बेरीज चुकली होती. दुसरी गोष्ट एका आकृतीची. ती तिच्या मते पूर्ण बरोबर होती आणि सरांनी गुण कापले होते. मी म्हटलं, "मग सर आत्ता आत बसलेत. जा आणि विचार." तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पण मी काय सांगू?"

या प्रश्नाकडे मी तुमचं लक्ष वेधते. ती "मला भीती वाटते" असं म्हणाली नाही. भीती असणारच, ती गृहीत आहे. तिला हवा होता मजकूर.

तिथेच भिंतीला टेकून आम्ही मजकूर तयार केला. "माझे गुण कमी दिलेत" हे वाक्य आधी बाजूला ठेवलं, कारण त्यातून सरांना एकच गोष्ट कळते, की ही भांडायला आलीय. काय झालंय? बेरजेत एक आकडा राहिलाय. कुठे? पाचव्या प्रश्नात, तिसऱ्या पानावर. तुला काय हवंय? सरांनी एकदा बघावं. या तीन गोष्टी तिनंच सांगितल्या, मी फक्त प्रश्न विचारले. मग वाक्य झालं: "सर, तिसऱ्या पानावरच्या पाचव्या प्रश्नाचे गुण बेरजेत धरायचे राहिलेत असं वाटतंय. एकदा बघाल का?" आकृतीचं वाक्य वेगळं, कारण तिथे तिला खात्री नव्हती: "सर, या आकृतीत माझं काय चुकलं ते सांगाल का?" ती आधी म्हणत होती, "दोन्हींचे गुण मागते." मी म्हटलं, एक मागायचंय आणि एक विचारायचंय. दोन्हींची सरमिसळ झाली की दोन्ही जातात.

मग मी सर झाले. जरा जास्तच खडूस सर झाले, कारण सोपा सराव काही उपयोगाचा नसतो. "आत्ता नाही, नंतर ये!" तिला हसू आलं. मग तिनं स्वतःच उत्तर शोधलं: "कधी येऊ सर?" मला हे सुचलं नसतं. "आणि सर खरंच रागावले तर?" रागावले तर "बरं सर" म्हणून परत ये, मग आपण पुढचं बघू.

ती आत गेली. मी मुद्दाम बाहेर थांबले. तीन-चार मिनिटांत बाहेर आली. "एकात मिळाले, एकात नाही." बेरीज सरांनी लगेच दुरुस्त केली होती. आकृतीत बाण काढला होता पण बाणापुढे नाव लिहिलं नव्हतं, म्हणून गुण कापले ते कापलेच. गंमत अशी, की मिळालेल्या गुणांबद्दल ती एक वाक्य बोलली आणि न मिळालेल्यांबद्दल घंटा होईपर्यंत. नाव का लिहायला हवं होतं, तो भाग कुठला होता, सर काय म्हणाले. माझ्या मते त्या दिवशी तिला सगळ्यात मोलाचं मिळालं ते ते "नाही". मागितलं, नाही मिळालं, आणि तरी काही बिघडलं नाही; सर तेच, ती तीच, पुढचा तास त्यांचाच. हा अनुभव ज्या मुलाला एकदाही आलेला नसतो, त्याला प्रत्येक नकार आभाळ कोसळण्याएवढा वाटतो आणि म्हणून तो मागतच नाही.

आई दुसऱ्या दिवशी आल्या. प्रश्न मिटलाय म्हटल्यावर जरा हिरमुसल्याच, तयारीनं आल्या होत्या.

विचारण्याचेही प्रकार असतात. विचारणं म्हणजे परावलंबन, स्वतःला जमत नाही म्हणून दुसऱ्याच्या दारात जाणं, अशी एक समजूत शिक्षकांमध्येही खोल रुतलेली आहे. शॅरन नेल्सन-ल गॉल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८१ मध्ये हिलाच हात घातला. त्यांचं म्हणणं असं, की मदत मागणं हे प्रश्न सोडवण्याच्या कौशल्यांपैकीच एक आहे, आणि ती दोन तऱ्हांनी मागितली जाते. एक, माझं काम तुम्हीच उरकून द्या. दुसरी, मला पुढे जाता येईल एवढंच दाखवा. गणिताच्या वर्गात हा फरक अगदी उघडा दिसतो. "बाई, हे गणित येत नाही" म्हणणारा मुलगा पाटी कोरी घेऊन येतो आणि उत्तर घेऊन जातो. "बाई, इथपर्यंत आलंय, इथून पुढे अडलंय" म्हणणारा एक बोट ठेवून उभा असतो. त्या बोटात सगळं आलं. म्हणून मी हल्ली पहिल्या तऱ्हेनं आलेल्याला परत पाठवत नाही, पण बोट ठेवायला लावते. "कुठपर्यंत आलं ते दाखव." बहुतेक वेळा बोट ठेवता ठेवता चूक त्यालाच दिसते आणि तो काही न बोलता जागेवर जातो. आभारबिभार मानत नाही. नको.

इथपर्यंतचं सगळं गोड आहे. आता कडू भाग.

मागेल त्याला मिळतं, हे वर्गात खरं आहे, आणि ते फारसं न्यायाचं नाही. समाजशास्त्रज्ञ जेसिका कॅलार्को यांनी एका अमेरिकन प्राथमिक शाळेत बसून हेच बारकाईनं टिपलं. शाळा एक, शिक्षक तेच, वर्ग तोच. सुस्थितीतल्या, शिकलेल्या घरातली मुलं अडली की हात वर करतात, हात दिसला नाही तर उठून टेबलापाशी येतात, जास्त वेळ मागतात, सवलत मागतात, पुन्हा मागतात. कष्टकरी घरांतल्या मुलांना घरी वेगळं सांगितलेलं असतं: बाईंना त्रास देऊ नकोस, तुझं काम तू कर, कारणं सांगू नकोस. ती गप्प बसून झगडतात. यात त्या आईबापांची चूक नाही. त्यांनी आपल्या परीनं मुलाला जबाबदार आणि नम्रच व्हायला शिकवलेलं असतं. पण शिक्षकाचं लक्ष, वेळ आणि सवलत जाते कुठे? जो मागतो त्याच्याकडे. द्यायचं मनात नसतानासुद्धा शिक्षक बरेचदा देऊन टाकतात, असंही त्यांना दिसलं. नाही म्हणत बसण्यापेक्षा देणं सोपं पडतं. कुठल्याही शिक्षकानं खरं सांगावं, पडतं की नाही?

हे वाचल्यापासून "मुलांना विचारायला शिकवा" एवढंच म्हणून थांबणं मला अपुरं वाटतं. घरून शिकून आलेल्यांना आणखी शिकवून आपण दरी वाढवूच. विचारणं ही ज्याच्या त्याच्या धिटाईवर सोडायची गोष्ट राहू नये, ती वर्गाच्या रोजच्या कामात बसली पाहिजे. माझ्या वर्गात तासाच्या शेवटी नवीन काही शिकवत नाही. सगळ्यांनी चिठ्ठीवर आज कुठे अडलं ते लिहायचं. नाव घालायचं तर घाला. कुठेच अडलं नाही असं वाटत असेल त्यानं दुसरा कुणी कुठे अडेल ते लिहायचं. ही अट घातली कारण त्याशिवाय हुशार मुलं ऐटीत कोरी चिठ्ठी देतात. सगळेच लिहितात म्हटल्यावर लिहिण्यात कमीपणा उरत नाही. आणि ज्या मुलाचा आवाज मी महिनोन् महिने ऐकलेला नसतो, त्याच्या चिठ्ठीवर कधी कधी अशी शंका असते की घरी जाऊन मलाच पुस्तक उघडावं लागतं.

दुसरी गोष्ट त्याहून साधी आहे, पण मला स्वतःला फार जड गेली: थांबणं. मेरी बड रो या विज्ञान-शिक्षणाच्या अभ्यासकानं १९७०च्या दशकात वर्गांतल्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, मग स्वतःच उत्तर देतात, नाहीतर दुसऱ्याला उठवतात, असं तिला आढळलं. हाच अवधी तीन सेकंदांवर नेला तर उत्तरं लांबतात, "माहीत नाही" कमी होतं, एरवी गप्प असणारी मुलं बोलतात, आणि मुलांकडून येणारे प्रश्न वाढतात. तीन सेकंद म्हणजे काय, असं वाटेल. वर्गासमोर उभं राहून तीन सेकंद गप्प बसून बघा. दुसऱ्या सेकंदाला जीभ वळवळायला लागते.

आता एका मुलाबद्दल. त्याला डाव्या कानानं फार कमी ऐकू येतं. यंत्र लावत नाही, बघून कुणाला कळत नाही. वर्गाच्या डाव्या कडेला बसला तर चांगला कान शिकवणाऱ्याकडे येतो आणि सगळं ठीक चालतं. पण आमच्याकडे दर आठवड्याला बाकांची अदलाबदल होते. तो उजव्या कडेला गेला की त्या आठवड्यात शिक्षकांचे शेरे सुरू: लक्ष नसतं, हाक मारली तरी ऐकत नाही, बेपर्वा आहे. आईनं वर्षाच्या सुरुवातीला शाळेला सांगितलेलं होतं. पण विषयाविषयाचे शिक्षक वेगळे, कुणी रजेवर गेलं तर बदली शिक्षक. आई किती जणांना सांगत फिरणार? आणि कॉलेजात कुणाला सांगायला जाणार?

त्याला सांगायचं नव्हतं असं नाही. त्याला सगळ्यांसमोर सांगायचं नव्हतं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि मोठी माणसं हमखास त्यांचा एक करतात. मी म्हटलं, मग लिहू. त्यानं एका कागदावर स्वतः मजकूर लिहिला. मला वाटलं होतं, "मला पुढे बसू द्या" असं काहीतरी लिहील. त्यानं लिहिलं: "मला डाव्या कानानं कमी ऐकू येतं. मी वर्गाच्या डाव्या बाजूला बसलो तर चालतं, पुढेच बसायला पाहिजे असं नाही. फळ्यावर लिहिताना बोललात तर मला कळत नाही. आधी बोला, मग लिहा, किंवा आधी लिहा, मग बोला."

शेवटची ओळ मी दोनदा वाचली. त्याच्या कुठल्याही कागदपत्रात ती नव्हती. डॉक्टरांच्या अहवालात डेसिबल होते, आईच्या अर्जात विनंती होती. फळ्याकडे तोंड केलेली बाई कुणाच्याच लक्षात आली नव्हती, कारण तिच्यासमोर रोज तोच बसत होता. आपल्या गरजेचा सगळ्यात मोठा जाणकार तोच होता, त्याला कुणी विचारलं नव्हतं इतकंच. तो कागद आता नव्या शिक्षकांच्या हातात तो स्वतः देतो, तास सुरू व्हायच्या आधी, दारातच. मीही लिहिता लिहिता बोलणं बंद केलं. त्याचा फायदा बाकीच्यांनाही झाला, हे वेगळं सांगायला नको.

अपंगांच्या हक्कांच्या चळवळीत जगभर एक घोषणा दिली जाते: आमच्याशिवाय आमच्याबद्दल काहीही नको. शाळांमध्ये नेमकं उलटं चालतं. मुलाबद्दल बैठक होते. तिला मुख्याध्यापिका असतात, वर्गशिक्षक असतात, पालक असतात, समुपदेशक असतात, आणि ज्याच्याबद्दल बैठक आहे तो वर्गात भूगोल शिकत असतो. अमेरिकेत विशेष शिक्षण घेणाऱ्या मुलांचा वैयक्तिक आराखडा बनवणं १९७५च्या कायद्यापासून बंधनकारक आहे, आणि शाळेनंतर पुढे काय, याची चर्चा जिथे व्हायची असेल त्या बैठकीचं बोलावणं आज तिथे विद्यार्थ्यालाही द्यावंच लागतं. कायद्यानं सांगावं लागलं, यातच सगळं आलं. संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्कांचा जो करारनामा स्वीकारला, त्याच्या बाराव्या कलमात हीच गोष्ट सगळ्या मुलांसाठी आहे: आपल्याशी संबंधित बाबींत मत मांडायचा मुलाला हक्क आहे, आणि त्याचं वय व समज बघून त्या मताला योग्य ते वजन दिलं गेलं पाहिजे. नीट वाचलं तर हे कलम फार व्यवहारी आहे. मूल म्हणेल तसंच करा, असं ते म्हणत नाही. वजन द्या, म्हणतं.

बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या लॉरा लंडी यांनी २००७ मध्ये या कलमाची उकल करताना दाखवून दिलं, की मुलाला बोलू दिलं म्हणजे काम झालं असं नाही. बोलायला सुरक्षित जागा लागते, बोलता येईल अशी सोय लागते, ऐकायला योग्य माणूस लागतो, आणि ऐकलेल्याचा काहीतरी परिणाम व्हावा लागतो. शेवटच्या दोन गोष्टींवर आमच्या शाळांचं घोडं अडतं. विद्यार्थी प्रतिनिधी निवडले जातात, बिल्ले लावले जातात, शपथ होते. पुढे त्या प्रतिनिधींना काम काय, तर रांगा सरळ करणं आणि बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणं! बोलण्यासाठी निवडलेल्या मुलांकडून बोलणाऱ्यांवर पहारा करवून घ्यायचा, ही कल्पकता दाद द्यावी अशीच आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला यानुश कोर्चाक. वॉर्सामध्ये १९१२ साली सुरू झालेल्या अनाथाश्रमाचा हा डॉक्टर. १९४२ मध्ये तो आपल्या मुलांबरोबर नाझींच्या मृत्युछावणीत गेला, ते बहुतेकांना माहीत असतं. मला त्याचं कोर्ट जास्त आठवतं. आश्रमात मुलांचं न्यायालय होतं. न्यायाधीश मुलं, फिर्यादी मुलं, आणि मोठ्या माणसांवरही फिर्याद लावायची मुभा. खुद्द कोर्चाकवरही खटले चालले. त्याच्या संहितेतली बहुतेक कलमं क्षमेची होती. मला यात शिक्षेपेक्षा कामकाजाची गोष्ट मोठी वाटते. तक्रार लिहून द्यायची, दुसऱ्याचं ऐकून घ्यायचं, कारणासकट निकाल ऐकायचा. तिथल्या मुलाला तक्रार करायला धाडस लागत नसणार, वहीत नाव लिहावं लागत असणार. माझ्या मनातली शाळा साधारण अशी आहे, निदान चिठ्ठ्यांपुरती तरी.

पालकांशी याबद्दल बोलताना मला शब्द जपून वापरावे लागतात, कारण ज्यांना सांगायचं ते दुखावतात आणि ज्यांना सांगायची गरज नाही ते माना डोलावतात. वर्गात काही झालं की मूल घरी पोचायच्या आत काही आयांचा संदेश माझ्या फोनवर असतो. त्यामागची माया मला कळते. पण मूल काय शिकतं? की माझ्या अडचणी मी सांगायच्या आईला, आणि आईनं सोडवायच्या बाईंकडून. त्या दोघींमध्ये आपण कुठेच नसतो, हे त्याला सोयीचंही वाटायला लागतं. मी एवढंच सुचवते: पहिल्या वेळी तुम्ही बोला, तो शेजारी उभा राहू दे. दुसऱ्या वेळी तो बोलू दे, तुम्ही शेजारी उभ्या राहा. आणि मधे बोलू नका! हे मधे न बोलणं कित्येकांना झेपत नाही. मूल "मला... म्हणजे... ते..." करत असतं आणि बाबांच्या तोंडात पूर्ण परिच्छेद तयार असतो. मग मी बाबांना विचारते, पाणी आणू का?

एका गोष्टीत मात्र मी अजिबात मागे हटत नाही. कुणी मुलाला मारत असेल, धमकावत असेल, अंगाला हात लावत असेल, मुलांचा कंपू मिळून एकाला छळत असेल, तर तिथे "तुझं तू बोलायला शीक" म्हणणं हा निव्वळ पळपुटेपणा आहे. ते काम मोठ्यांचं, आणि तातडीचं. मुलानं तिथे एकच वाक्य शिकायचं: विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगणं. आणि पहिल्यानं ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगणं. स्वावलंबनाच्या नावाखाली मुलाला एकटं टाकणाऱ्या शाळा मी बघितल्या आहेत. बाहेरून त्या फार आधुनिक दिसतात.

आमच्या शिक्षकखोलीत एक ज्येष्ठ सर आहेत. शिकवण्यात बापमाणूस. त्यांना माझा हा सगळा उद्योग म्हणजे थिल्लरपणा वाटतो. "तुम्ही या पोरांना वकील करून सोडाल," म्हणतात. "सगळेच विचारायला लागले तर शिकवायचं कधी?" हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. चाळीस मुलं, पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास, डोक्यावर अभ्यासक्रम. सुरुवातीला खरंच गोंधळ होतो. मुलं काहीही विचारतात, एकमेकांना बघून विचारतात, वेळ खायला विचारतात. "गृहपाठ का द्यायचा?" हा प्रश्न तर दरवर्षी येतो आणि विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, गृहपाठ नको असतो. पण काही आठवड्यांनी गाळणी आपोआप बसते. कारण विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला उत्तर मिळतं, आणि बरीच उत्तरं "नाही" असतात, कारणासकट. फुकटचा प्रश्न विचारून काही मिळत नाही हे कळलं की तो बंद होतो. खरे उरतात.

सरांनी माझं काहीच मान्य केलं नाही. फक्त एक दिवस वर्गाबाहेर एक कागद लावला: शंका असल्यास मंगळवारी आणि गुरुवारी मधल्या सुट्टीत भेटावे. खाली सही. पहिल्याच मंगळवारी तीन मुलं गेली, शंका नव्हती, अर्ज होता. सरांचा प्रकल्प, भाषेचा निबंध आणि गणिताची चाचणी एकाच सोमवारी आली होती. सरांनी तारीख पुढे ढकलावी. सोबत तिन्ही कामांचं, वहीच्या पानावर रेघा आखून केलेलं वेळापत्रक. सरांनी तारीख बदलली नाही. का बदलता येत नाही ते मात्र मुलांना बसवून सांगितलं, आणि दुपारी माझ्या टेबलापाशी येऊन विचारलं, "बाई, पुढच्या महिन्यातल्या तुमच्या चाचण्या कधी आहेत? लिहून द्या मला."